कोकणातल्या कुटुंबांत मायटोकॉन्ड्रियल आजाराचा नैसर्गिक प्रवास कसा नोंदवायचा

नवा उपचार करून बघणं या कामात येत नाही. आजार आपल्या चालीने पुढे सरकत असतो, पेशंटला नेहमीचे उपचार मिळत असतात, आणि आपण ते पुढे सरकणं वर्षानुवर्षं एकाच मापाने मोजत राहतो. वैद्यकात याला नॅचरल हिस्ट्री स्टडी म्हणतात. दुर्मीळ आजारात हे काम आधी झालं नसेल तर उद्या आलेलं औषध उपयोगी पडलं की नाही हे ठरवता येत नाही, कारण औषधाविना दोन वर्षांत पेशंटचं काय झालं असतं हेच कुणाला ठाऊक नसतं.

इथे दिलेली पद्धत ३२४३ ए>जी या बदलासाठी आहे, म्हणजे डीएनएच्या ३२४३ व्या जागी ए या अक्षराऐवजी जी आलेलं असतं. मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाच्या) एमटी-टीएल१ या जनुकातला हा बदल १९९० साली ओळखला गेला. मेलास या मेंदूला अर्धांगवायूसारखे झटके देणाऱ्या आजाराचं हे सर्वांत जास्त आढळणारं कारण. पण एकाच घरात हा बदल वेगवेगळी रूपं घेतो. एका बहिणीला तिशीत साखर आणि बहिरेपण, दुसरीला अर्धांगवायूसारखे झटके आणि फिट, तिसरीला काहीच नाही. उत्तर-पूर्व इंग्लंडमध्ये या बदलाने आजारी असलेल्या प्रौढांचं प्रमाण एक लाखात साधारण ३.५ मोजलं गेलं. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून लोकसंख्या सुमारे २४.६ लाख होती. इंग्लंडचा दर जसाच्या तसा लावला तरी दोन जिल्ह्यांत साठ-सत्तर प्रौढ भरतील. हा आकडा फक्त नियोजनाला वापरा. त्यातून कळतं ते एवढंच की संख्येच्या जोरावर हा अभ्यास कधीच उभा राहणार नाही. पाच वर्षं दर वेळी तशाच मोजलेल्या बारा माणसांची नोंद एकदाच पाहिलेल्या साठ जणांपेक्षा जास्त सांगते. पुढचं सगळं या हिशोबाने वाचावं.

मावशीची वाट

मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए छोटा असतो, १६,५६९ अक्षरांचा आणि ३७ जनुकांचा, आणि तो आईकडूनच येतो. त्यामुळे कुटुंबाचा तक्ता काढताना रोजची सवय उलटी करावी लागते. घराणं सांगायला सुरुवात होते ती बापाकडून: मूळ पुरुष, भावकी, कुलवृत्तांत. त्यात लेकी ‘अमक्या गावी दिली’ एवढ्यावर संपतात. या अभ्यासाला नेमक्या त्याच लेकी हव्या आहेत.

पेशंटची आई, आईची आई, मावशा, मामा, मावसभावंडं, सख्खी भावंडं आणि बहिणींची मुलं ही सगळी या आईकडच्या वाटेवर. काका, आत्या, चुलत आणि आतेभावंडं वाटेबाहेर. मामा वाटेवर आहे पण मामेभावंडं नाहीत, कारण मामाला आजीकडून बदल मिळू शकतो, तो पुढे देत नाही. पेशंट बाई असेल तर तिची सगळी मुलं धरा, पुरुष असेल तर एकही नाही. मामाच्या मुलीशी लग्न झाल्यामुळे आजार आला का, असं घरचे हमखास विचारतात. ३२४३ च्या बाबतीत उत्तर ‘नाही’ असं आहे, कारण मामाची मुलगी मायटोकॉन्ड्रिया मामीकडून घेते. पीओएलजी किंवा एसयूआरएफ१ यांसारख्या केंद्रकातल्या जनुकांमुळे होणाऱ्या मायटोकॉन्ड्रियल आजारांत मात्र नात्यातलं लग्न महत्त्वाचं ठरतं, आणि तिथे तक्ता दोन्ही बाजूंनी काढावा लागतो. म्हणून जनुकाची खात्री झाल्याशिवाय तक्ता ‘पूर्ण’ म्हणू नका.

प्रत्येक बाईच्या नोंदीत चार गोष्टी हव्यात: माहेरचं आडनाव, माहेरचं गाव आणि वाडी, सासरचं आडनाव, सासरचं गाव आणि वाडी. वाडी लिहायची राहिली तर पुढच्या वर्षी माणूस सापडत नाही. गावात दहा-बारा वाड्या असतात आणि एकाच नावाच्या तीन सुना निघतात.

तक्त्यासाठी उत्तम काळ गौरी-गणपतीचा. चाकरमानी मुंबई-ठाण्याहून आलेले असतात, ओवशाला माहेरवाशिणी आलेल्या असतात, आणि आजीच्या तोंडून जे निघतं ते दुरुस्त करायला दोन मावश्या बाजूला बसलेल्या असतात. मात्र आरतीच्या किंवा जेवणावळीच्या वेळी वही उघडू नका. दुपारी निवांत बसावं. नाजूक प्रश्न एकेकीला वेगळं घेऊनच विचारावेत, सुनेसमोर सासूला नाही आणि सासूसमोर सुनेला तर नाहीच.

‘घरात मायटोकॉन्ड्रियल आजार आहे का’ या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही. विचारायचं असं: म्हातारपणाआधी कुणाला ऐकू कमी येत होतं का? अंगाने बारीक असून साखर कुणाला होती? बाकी भावंडांच्या मानाने कोण खूप बुटकं राहिलं? वर्गातल्या पोरांबरोबर कुणाला धावता येत नव्हतं? डोकं दुखून उलट्या होऊन कुणाला एका बाजूचं दिसेनासं झालं? फिट? पोट फुगून दिवसेंदिवस शौचाला न होणं? तान्हेपणी गेलेलं मूल? आणि एक प्रश्न आदराने, पण नक्की विचारावा: कुणाला देवाकडे नेलं होतं का, गाऱ्हाणं घातलं होतं का? फिट आणि भ्रमाचे प्रसंग जुन्या पिढीत याच नावाने लक्षात राहिलेले असतात. श्रद्धेवर टिप्पणी करू नका. वय, किती दिवस चाललं आणि नंतर काय झालं, एवढं लिहून घ्या.

वयं आणि सालं आठवत नाहीत तेव्हा गावाच्या घटनांचा आधार घ्यावा. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७, कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ मध्ये, निसर्ग वादळ ३ जून २०२०, चिपळूणचा मोठा पूर जुलै २०२१. ‘रेल्वे आली तेव्हा तिला ऐकू येत होतं का?’ या प्रश्नाला लोक खात्रीने उत्तर देतात. नोंदीत तारखेपुढे ती कशी मिळाली तेही लिहावं: कागदावरून, घटनेवरून, की अंदाजाने.

गेलेल्या माणसांची नोंद सोडू नका. चाळिशीत वारलेली मावशी तक्त्यावर नसेल तर हा आजार सौम्य आहे असा खोटा निष्कर्ष निघतो. ग्रामपंचायतीतल्या मृत्यूनोंदीवरून तारीख पक्की करता येते.

परवानगी, आणि बाईवर येणारा ठपका

अभ्यास ज्या संस्थेतून चालतो तिथल्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेल्या नीतिमत्ता समितीची मंजुरी आधी. मग सीटीआरआयवर (वैद्यकीय चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीत) नोंद, तिथे निरीक्षणात्मक अभ्यासही नोंदवता येतात. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वयाच्या मुलांची तोंडी संमती आणि १२ ते १८ वयाच्या मुलांची लेखी संमती पालकांच्या संमतीबरोबरच वेगळी घ्यावी लागते. अक्षरओळख नसलेल्यांचा अंगठा निःपक्ष साक्षीदारासमोर. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी द्यावी. ते आमिष ठरत नाही.

खरी अडचण वेगळी आहे. ‘आजार आईकडून येतो’ हे वाक्य घरात पडलं की सासरी त्या बाईचं जगणं कठीण होऊ शकतं, आणि तिच्या बहिणींची लग्नं अडू शकतात. म्हणून प्रत्येक माणसाचा निकाल फक्त त्या माणसाला सांगावा. मुलाचा निकाल सांगितला की आईचा आपोआप उघड होतो, तेव्हा मुलाची तपासणी करण्याआधी आईला हे समजावून सांगणं ही समुपदेशकाची पहिली जबाबदारी. लक्षणं नसलेल्या लहान मुलाची जनुकीय तपासणी केवळ तक्ता भरण्यासाठी करू नये. आशाताईंची मदत निरोपासाठी आणि घर शोधण्यासाठी घ्यावी, पण आजाराचं नाव त्यांच्या वहीत जाऊ देऊ नये. त्या त्याच वाडीतल्या असतात.

कागदांवर नावाऐवजी क्रमांक: ०३-०७ म्हणजे तिसरं कुटुंब, सातवी व्यक्ती. नाव आणि क्रमांक जोडणारी यादी एकच, कुलपात, आणि तिची दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत. तळमजल्यावर कपाट ठेवू नका. पुराचं पाणी तळमजल्याचे कागद आधी नेतं.

रक्तातली टक्केवारी फसवते

एका पेशीत मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएच्या शेकडो-हजारो प्रती असतात. त्यातल्या काही बिघडलेल्या, काही चांगल्या. बिघडलेल्यांची टक्केवारी अवयवागणिक वेगळी असते, आणि एका मर्यादेपलीकडे गेली की लक्षणं येतात. ३२४३ मध्ये रक्तातली टक्केवारी वयाबरोबर घटत जाते, स्नायूंतली बऱ्यापैकी स्थिर राहते. म्हणून रक्ताचा आकडा वयाची दुरुस्ती केल्याशिवाय वापरू नये. रूढ सूत्र असं: मोजलेली टक्केवारी भागिले ०.९७७ चा (वय + १२) वा घात.

उदाहरणाने पाहा. वीस वर्षांच्या भाच्याच्या रक्तात २४ टक्के, चाळिशीतल्या मावशीत १५ टक्के, साठीतल्या आजीत ९.४ टक्के. सूत्रात घातलं तर तिघांचीही दुरुस्त टक्केवारी ५० च्या आसपास येते. दुरुस्तीशिवाय ‘आजीला सौम्य, भाच्याला जास्त’ असं लिहिलं गेलं असतं. काही म्हाताऱ्या माणसांत दुरुस्त आकडा १०० च्या वर जातो. तो फेकू नका, मूळ आकडा आणि वय दोन्ही ठेवा.

रक्त २ ते ३ मिली, जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत, आठ-दहा वेळा हलकेच उलटी करून. डीएनएची अक्षरं वाचण्याच्या साध्या सँगर पद्धतीत १५-२० टक्क्यांखालचा बदल सुटून जातो, म्हणून प्रयोगशाळेला पायरोसिक्वेन्सिंग, डिजिटल पीसीआर किंवा खोल एनजीएस मागावं आणि पाचही वर्षं तीच पद्धत ठेवावी. वयस्कर माणसाचं रक्त ‘निगेटिव्ह’ आलं तर तिथे थांबू नका, लघवी तपासा. लघवीतल्या पेशींत टक्केवारी रक्तापेक्षा जास्त मिळते. सकाळची पहिली लघवी, ५० मिली, लगेच बर्फाच्या पेटीत. त्याच दिवशी सेंट्रिफ्यूज करून तळाशी बसलेल्या पेशी सलाइनने धुऊन गोठवायच्या. पाळी चालू असताना घेऊ नका, रक्त मिसळलं की आकडा खाली येतो. पुरुष आणि स्त्रियांत लघवीची टक्केवारी वेगळी येते, त्यामुळे तुलना करताना लिंगाचा हिशोब धरावा.

नमुने प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आयएलआर फ्रिजमध्ये ठेवायला मागू नका. तो फक्त लशींसाठी असतो. स्वतःची पेटी, बर्फाचे पॅक आणि आत थर्मामीटर न्यावा. शुक्रवारी नमुने पाठवले की रविवारी कुठेतरी गोदामात पडून राहतात. सोमवार-मंगळवार गाठावा, आणि पावसाळ्यात दरड पडून रेल्वे किंवा घाट बंद पडेल हे धरूनच एक दिवस राखून ठेवावा.

भेटीच्या दिवशी

क्रम ठरलेला हवा, कारण थकवा हेच या आजाराचं मुख्य लक्षण. चालण्याची चाचणी आधी आणि पकड नंतर, की उलट, यावर आकडा बदलतो. सुचवलेला क्रम: उपाशीपोटी रक्त, मग पेज किंवा नाश्ता, अर्धा-पाऊण तास आराम, प्रश्नावली बसून, डॉक्टरी तपासणी, पकड, खुर्चीतून उठणं, आणि शेवटी चालणं. सगळं सकाळी सात ते अकरात संपवावं. दमट उन्हात अकरानंतर मोजलेलं अंतर आजाराचं नसतं, हवेचं असतं. साखरेच्या किंवा फिटच्या गोळ्या घेणाऱ्याला, आणि लहान मुलांना, लांब उपाशी ठेवू नका. उपास याच आजारात धोक्याचा आहे, म्हणून रक्त सर्वांत आधी आणि घरून निघताना सोबत डबा.

लॅक्टेट (पेशींना ऊर्जा अपुरी पडली की रक्तात वाढणारा पदार्थ) हा सगळ्यात जास्त बिघडणारा आकडा. घाटी चढून आलेल्या माणसाचं लगेच रक्त घेतलं तर लॅक्टेट वाढलेलं दिसणारच. आधी वीस-तीस मिनिटं बसवा. दंडाला पट्टा बांधू नका, बांधलाच तर शीर सापडताच सोडा. मूठ आवळायला लावू नका. राखाडी झाकणाची फ्लोराइड नळी, लगेच बर्फात, पंधरा मिनिटांत प्लाझ्मा वेगळा. रडणाऱ्या मुलाचा आकडा वापरायचा नाही, ‘रडत होतं’ असं लिहायचं. बोटाच्या थेंबावरचं यंत्र वापरत असाल तर कोकणात एक गोष्ट फार महत्त्वाची: घामात लॅक्टेट भरपूर असतं. बोट साबणाने धुऊन, पूर्ण कोरडं करून, पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. पट्ट्यांची डबी उघडी राहिली की दमट हवेत पट्ट्या बिघडतात.

जीडीएफ१५ (या आजारात रक्तात वाढणारं एक प्रथिन) मोजायचं असेल तर सीरम उणे ८० अंशांवर ठेवावं लागतं. जनरेटर असलेला तसा फ्रीझर नसेल तर हा नमुना घेऊच नये, अर्धवट वितळून पुन्हा गोठलेलं सीरम पुढे वाटच चुकवतं. एका माणसाचे सगळ्या वर्षांचे नमुने एकाच किटच्या एकाच बॅचवर मोजावेत. गर्भारपण, मूत्रपिंडाचा आजार आणि मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी यांनी जीडीएफ१५ वाढतं, त्यामुळे या तिन्हींची नोंद त्याच कागदावर हवी.

सहा मिनिटं चालण्याची चाचणी अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या २००२ च्या पद्धतीने घ्यावी. ३० मीटर सरळ, सपाट वाट, दर ३ मीटरला खूण, दोन टोकांना कोन. वाडीत अशी जागा बहुधा शाळेच्या व्हरांड्यात किंवा ग्रामपंचायतीच्या सभागृहात मिळते. २० मीटरच मिळाले तर २०, पण मग पाचही वर्षं २०. वळणं वाढली की अंतर घटतं, आणि कागदावर ते आजार वाढल्यासारखं दिसतं. जांभ्याच्या चिऱ्यांवर किंवा शेवाळ आलेल्या अंगणात चालवू नका. चप्पल की बूट ते लिहा, पुढच्या वेळी तेच. प्रोत्साहनाचं वाक्यही ठरलेलं: ‘छान चाललंय. अजून पाच मिनिटं आहेत.’ दर मिनिटाला तसंच, त्याच आवाजात, यापलीकडे शब्द नाही. घरच्यांनी बाजूने ओरडून पळवलं तर चाचणी बाद. पहिल्या वर्षी लोक दुसऱ्या खेपेला जास्त चालतात, कारण आता त्यांना काय करायचं ते कळलेलं असतं. म्हणून पहिल्या भेटीत दोन दिवस लागोपाठ घ्या आणि दुसऱ्या दिवसाचा आकडा पायाभूत धरा. बसल्या जागी नाडी १२० च्या वर, रक्तदाब १८०/१०० च्या वर किंवा गेल्या महिन्यात हृदयविकाराचा झटका असेल तर ही चाचणी नाही.

पकड मोजायच्या यंत्राची मूठ प्रत्येकासाठी कोणत्या खाचेवर ठेवली ते लिहावं, दोन्ही हात, तीन-तीन वेळा. खुर्चीतून पाच वेळा उठण्याची चाचणी घरातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर घेऊ नका, ती वाकते आणि सरकते. हात नसलेली एक लाकडी खुर्ची गाडीत टाकून सगळीकडे तीच न्यावी. वजनकाटा दर भेटीआधी १० किलोच्या प्रमाणित वजनाने तपासा. या आजारात वजन घटणं ही स्वतःच एक महत्त्वाची खूण आहे आणि दोन किलोची चूक ती पुसून टाकते. पापणी किती खाली आली याचा फोटो एक मीटरवरून, डोळ्यांच्या उंचीवर, खिडकीकडे तोंड करून, वेगळी संमती घेऊन.

ऐकू येण्याची तपासणी ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झवर. पत्र्यावर पाऊस पडत असताना ती होऊ शकत नाही, ध्वनिरोधक खोली नसेल तर पावसाळ्यात घेऊच नका. ईसीजी आणि इको वर्षातून एकदा, कारण हृदयाचा स्नायू जाड होणं आणि डब्ल्यूपीडब्ल्यू (हृदयातल्या जास्तीच्या विद्युत वाटेमुळे ठोके बिघडणं) दोन्ही या आजारात येतात आणि बरेच दिवस गप्प असतात. एचबीए१सी सहा महिन्यांनी, लघवीतलं प्रथिन वर्षाला.

न्यूकॅसल स्केल मराठीत उतरवताना

आजाराचा एकूण भार मोजायला प्रौढांसाठी न्यूकॅसलची एनएमडीएएस ही मोजपट्टी आणि मुलांसाठी एनपीएमडीएस वापरतात. दोन्ही २००६ पासूनच्या. प्रौढांच्या पट्टीत पहिल्या तीन भागांत २९ मुद्दे आहेत, प्रत्येकी ० ते ५, एकूण १४५. पहिला भाग गेल्या चार आठवड्यांबद्दल, दुसरा गेल्या बारा महिन्यांबद्दल, तिसरा तपासणीचा, चौथा जीवनमानाचा. शून्य म्हणजे त्रास नाही.

भाषांतराआधी मूळ संस्थेशी बोलून घ्यावं. एकाने मराठी करावं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यावं, फरक मिटवावेत, आणि मग मालवणी आणि संगमेश्वरी बोलणाऱ्या पाच-सहा जणांना विचारून बघावं की त्यांना काय समजलं. अन्न कापण्याचा आणि काटा-चमचा धरण्याचा मुद्दा इथे जसाच्या तसा निरर्थक आहे. त्याऐवजी भात कालवून घास न सांडता तोंडाशी नेणं, विळीवर चिरणं, नारळ खवणं. पण विळीवर जन्मात न बसलेल्या पुरुषाला ‘येत नाही’ म्हणून गुण देऊ नका, त्याला घासाबद्दलच विचारा. दमाचा मुद्दा प्रत्येकासाठी एका ठरलेल्या वाटेशी बांधावा, जसं घर ते एसटीचा थांबा, आणि ती वाट पहिल्याच दिवशी लिहून ठेवावी. मधल्या काळात रस्ता झाला किंवा मुलाने स्कूटर घेतली तर ‘आता दम लागत नाही’ हे सुधारणेचं लक्षण नाही.

दोन तपासनीसांनी सुरुवातीला त्याच पाच पेशंटना वेगवेगळे गुण देऊन मुद्दा-मुद्दा ताडून पाहावं, आणि दर वर्षी पुन्हा. मुंबईतला नातेवाईक तिथल्या डॉक्टरकडे मोजला जाणार असेल तर तो डॉक्टरही या ताळमेळात हवा.

कधी जायचं

वार्षिक भेट नोव्हेंबरअखेर ते जानेवारी. भात घरात आलेलं असतं, हवा कोरडी, आणि आंब्याची तोड अजून लांब. मार्च ते मे बागायतदाराच्या घरी गेलात तर माणूस सापडेल, पण थकलेला. मच्छीमार कुटुंबांना १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत घरी गाठता येतं, तेव्हा मधली सहा महिन्यांची प्रश्नावली भेट त्यांच्यासाठी तिथे बसवावी. गणपती आणि शिमग्याला तक्ता, संमती आणि रक्त घेता येतं, पण चालणं आणि पकड मोजू नका: रात्रभर गाडीतून आलेला, जागरण झालेला, जेवणाची वेळ चुकलेला माणूस त्याचा स्वतःचा नसतो. एका माणसाची भेट दर वर्षी त्याच महिन्यात, पुढे-मागे फार तर एक महिना.

दोन भेटींच्या मध्ये

सगळ्यांत मोठी माहिती भेटीच्या दिवशी मिळत नाही. झटका ऑगस्टमध्ये येतो आणि आपण डिसेंबरमध्ये जातो. म्हणून महिन्यातून एक फोन, ठरलेल्या चार प्रश्नांचा: दवाखान्यात राहावं लागलं का, फिट किंवा डोकेदुखीसह उलट्या झाल्या का, दिसण्या-बोलण्यात अचानक बदल झाला का, गोळ्या बदलल्या का. वाडीत रेंज नसेल तर शेजारच्या दुकानाचा किंवा मुंबईच्या भावाचा नंबरही घ्यावा. तीन फोन लागले नाहीत की आशाताईंना निरोप. माणूस ‘सुटला’ असं लिहायची घाई करू नका. सुटलेली माणसं बहुधा जास्त आजारी असतात, आणि ती गळली की उरलेल्यांची सरासरी खोटी सुधारते.

घरात एक जाड कार्ड ठेवावं, प्लास्टिकमध्ये: आजाराचं नाव, संपर्काचा नंबर, आणि ‘लांब उपाशी ठेवू नका, मेटफॉर्मिन आणि व्हॅल्प्रोएट देण्याआधी फोन करा’. मेटफॉर्मिनने लॅक्टिक ॲसिडोसिसची (रक्तात आम्ल साचण्याची) भीती असते. व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध शक्य तिथे टाळतात, आणि पीओएलजीच्या पेशंटला तर ते यकृत बंद पाडून जिवावर बेततं. कार्ड कुठे ठेवायचं हे पेशंटलाच ठरवू द्या. झटका आला तर एमआरआय लवकर व्हावा, डिफ्यूजन चित्रांसह, कारण या झटक्यातले डाग एकाच रक्तवाहिनीच्या हद्दीत बसत नाहीत आणि काही आठवड्यांत पुसट होतात.

अभ्यास निरीक्षणाचा आहे म्हणून ईसीजीत ब्लॉक (हृदयाचा विद्युत संदेश अडणं) दिसल्यावर गप्प बसता येत नाही. त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवा आणि पेसमेकर बसला तर ती घटना म्हणून नोंदवा. आर्जिनिन, को-क्यू१०, कार्निटिन यांसारखी पूरकं, श्रवणयंत्र, वैद्यांचा काढा, सगळं तारखेसह. मुंबईत केईएम रुग्णालय हे राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण २०२१ खालचं उत्कृष्टता केंद्र आहे, कुटुंबाला तिथे कसं जायचं ते पहिल्याच भेटीत सांगावं.

कागद आणि हिशोब

रिकामी चौकट आणि शून्य यांची गफलत हा अशा अभ्यासांचा सर्वांत मोठा शत्रू. तीन वेगळे संकेत ठेवा: त्रास नाही, आजारामुळे जमलं नाही, आणि दुसऱ्या कारणाने झालं नाही. ‘पाऊस होता म्हणून चालवलं नाही’ आणि ‘उभंच राहता आलं नाही’ हे एकाच रिकाम्या चौकटीत गेले तर अभ्यासाचा कणाच मोडला. फॉर्म त्याच संध्याकाळी, माणूस अजून फोनवर सापडतो तोवर, दोघांनी वेगवेगळा संगणकात भरून ताडावा.

विश्लेषणाआधी प्रत्येक माणसाची रेघ काढून नुसतं बघा: आडवं वय, उभे गुण. मग मिश्र प्रारूप, ज्यात प्रत्येकाची सुरुवात आणि उतार वेगळा धरता येतो, आणि कुटुंब हा गट म्हणून घालता येतो. एकाच आजीच्या सात नातवंडांना सात स्वतंत्र माणसं समजू नका. ज्या पेशंटमुळे कुटुंब सापडलं त्याला लक्षणांच्या वयाच्या हिशोबातून वेगळा काढावा. तो जास्त आजारी होता म्हणूनच तर सापडला. पन्नासाव्या वर्षी अभ्यासात आलेली बाई पन्नासपर्यंत जगलेली होती, म्हणून तिची जोखमीची वर्षं पन्नासपासून मोजायची, जन्मापासून नाही. झटके व्यक्ती-वर्षांवर, म्हणजे प्रत्येकाला पाहिलेल्या वर्षांच्या बेरजेवर, मांडा. ३२४३ आणि इतर बदलांची सरासरी एकत्र करू नका.

निकाल कुटुंबांना मराठीत, एका पानात, दर वर्षी परत द्यावेत, ज्याचे त्यालाच. सगळ्यांना मिळून सांगायचं ते फक्त आजाराबद्दल, माणसांबद्दल नाही.

पेशंट वारला तर भेटायला जावं, पण तेराव्याच्या आधी कागद काढू नये. नंतर, घरच्यांनी होकार दिला तर, शेवटच्या आजारपणाची तारीख, शेवटचे तीन महिने चालणं-खाणं-बोलणं कसं होतं, आणि दवाखान्याचे कागद एवढंच घ्यावं. ठेवलेल्या नमुन्यांचं काय करायचं हे त्याने संमतीपत्रात लिहून ठेवलेलं असतं. ते पान सोबत न्यावं आणि घरच्यांना वाचून दाखवावं.